सोडणे आणि सुटणे : धनुष्याविना केलेला एक अभ्यास

आपल्या भाषेत ‘सोडणे’ आणि ‘सुटणे’ ही दोन क्रियापदे अगदी शेजारी राहतात. पहिले सकर्मक, दुसरे अकर्मक, एवढे व्याकरणाच्या तासाला सांगून आपण पुढे सरकतो. पण बोलताना त्यांची गल्लत आपल्याकडून कधी होत नाही. दाव्याची गाय आपण सोडतो, एस. टी. मात्र सुटते. हट्ट सोडावा लागतो, धीर सुटतो. जे आपण करतो ते सोडणे आणि जे आपल्याकडून होऊन जाते ते सुटणे. धनुर्विद्येतील ज्या एका क्षणाचा अभ्यास मी गेले वर्षभर करीत आहे, त्याचे मर्म या दोन क्रियापदांमधल्या अंतरात आहे, असे माझे मत झाले आहे.

तो क्षण म्हणजे ओढून धरलेली प्रत्यंचा बोटांतून निसटते तो. मैदानावर सगळेच त्याला ‘रिलीज’ म्हणतात आणि मीही या लेखात तोच शब्द वापरणार आहे, कारण ‘शरत्याग’ म्हटले तर आमच्या गटातील मुली हसतात. उभे राहणे, धनुष्य उचलणे, ओढणे, हनुवटीखाली हात टेकवणे, नेम धरणे या साऱ्या गोष्टी सावकाश करता येतात, चुकल्यास पुन्हा करता येतात. रिलीज तेवढा सावकाश करता येत नाही. आणि नेमके त्याच्यावरच पुढचे सारे अवलंबून असते.

आता हा अभ्यास धनुष्याविना का, हे सांगितले पाहिजे. कारण साधे आहे : धनुष्य नाही. गेल्या उन्हाळ्यात घाटावरच्या एका शिबिरात दहा दिवस ते हाताळायला मिळाले आणि परत पालीला येताना हात मोकळेच होते. ऑलिंपिकमध्ये दिसते तसल्या रिकर्व्ह धनुष्याचा चांगला संच लाखाच्या घरात जातो. त्यात जून उजाडला. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक सगळा चार महिन्यांत. गोव्याकडचा आणि कोल्हापूरकडचा रस्ता जिथे फुटतो त्या आमच्या गावात या दिवसांत सत्तर मीटरचे मोकळे, कोरडे मैदान मागणे म्हणजे ज्येष्ठात आभाळाकडे ऊन मागणे. कॉलेजचा लांब व्हरांडा, पागोळ्यांचा आवाज आणि दोरीचा एक तुकडा एवढ्यावर काम सुरू झाले. माझे पाहून आणखी पाच जणी आल्या. आम्हांला पाहून आमचे एक प्राध्यापक म्हणाले, “हे म्हणजे कोरड्या विहिरीत पोहणे शिकण्यासारखे आहे!” त्यांचा हा प्रश्न (तो त्यांनी प्रश्न म्हणून विचारला नव्हता, तरी) मला योग्य वाटतो, आणि हा लेख बराचसा त्यालाच दिलेले उत्तर आहे.

धनुर्विद्या आणि अभाव यांचा विषय निघाला की एकलव्य आठवणारच. त्याच्याकडे धनुष्य होते, गुरू नव्हता. म्हणून त्याने मातीचा गुरू केला. ही गोष्ट आपल्याला पाठ आहे आणि अंगठा मागितल्याची गोष्टही. परंतु आदिपर्वात तिच्यापुढे आलेला एक तपशील सहसा कोणी सांगत नाही. अंगठा दिल्यावर एकलव्याने धनुष्य टाकून दिले नाही. तो उरलेल्या बोटांनी प्रत्यंचा ओढू लागला, पण पूर्वीचा वेग मात्र त्याला आला नाही. म्हणजे महाभारतकाराला रिलीजचे दोन प्रकार आणि त्यांतला फरक ठाऊक होता! अंगठ्याने ओढण्याची रीत आशियात दूरवर पसरलेली होती. तुर्क, मंगोल, चिनी सारे तसेच ओढीत, आणि प्रत्यंचेने कातडी सोलू नये म्हणून अंगठ्यात जाड अंगठी घालीत. शहाजहान बादशहाची जेड दगडाची तशी अंगठी आज लंडनच्या व्हिक्टोरिया आणि अल्बर्ट संग्रहालयात आहे. आजच्या ऑलिंपिकमधला धनुर्धर मात्र तर्जनी, मध्यमा आणि अनामिका या तीन बोटांनी ओढतो आणि अंगठा तळहाताकडे मिटून ठेवतो. द्रोणाचार्यांनी एकलव्याला ज्या रीतीवर आणून सोडले, तिच्यावरच आता पदके मिळतात.

एका मिलिमीटरची किंमत किती, याचा हिशेब आमच्यातल्या एका भूगोलाच्या विद्यार्थिनीने वहीत मांडला, तो इथे देते. सत्तर मीटरवरचे लक्ष्य १२२ सेंटिमीटर व्यासाचे असते आणि त्यातले दहा गुणांचे वर्तुळ १२.२ सेंटिमीटरांचे, म्हणजे चहाच्या बशीहून थोडे लहान. बाण ७० सेंटिमीटर लांबीचा धरू. सुटताना त्याची शेपूट एक मिलिमीटर बाजूला गेली आणि टोक जागेवर राहिले, तर सातशेत एक एवढा तो तिरपा झाला. सत्तर मीटरांत हा तिरपेपणा दहा सेंटिमीटरांवर जातो. बरोबर मध्यावर धरलेला नेम दहाच्या वर्तुळाबाहेर पडला! हा हिशेब अर्थात कागदावरचा आहे. खरा बाण ताठ राहतच नाही. बोटांवरून प्रत्यंचा घसरताना किंचित बाजूला ढकलली जाते, बाण माशासारखा वळवळतो आणि धनुष्याच्या दांड्याला वळसा घालून पुढे जातो. याला ‘धनुर्धराचा विरोधाभास’ म्हणतात. अमेरिकेतील क्लॅरन्स हिकमन यांनी १९३०च्या दशकात अतिवेगवान चित्रणाने ही वळवळ दाखवून दिली. बाणाचा ताठपणा धनुष्याला जुळेल असा निवडला की ही वळवळ दर वेळी सारखीच होते. मात्र बोटांनी दर वेळी नवे काही केले, तर बाण कितीही चांगला असून उपयोग नाही.

आणि वेळ? प्रत्यंचा सुटल्यापासून बाण तिला सोडून जाईपर्यंत सेकंदाच्या पन्नासाव्या भागाच्या आसपास वेळ लागतो. एखादी गोष्ट कळून तिच्यावर हालचाल करायला माणसाला साधारण सेकंदाचा पाचवा भाग लागतो. म्हणजे बिघडल्याचे ध्यानात येईपर्यंत बाण केव्हाच गेलेला असतो. तेव्हा रिलीज सुधारायचा तो बाण सुटण्यापूर्वीच्या दिवसांत. माझ्या दृष्टीने धनुष्याविना सरावाचे पहिले समर्थन इथे आहे : जी क्रिया चालू असताना दुरुस्त करता येत नाही, ती शांतपणे, परिणामाची काळजी न करता, अन्यत्र घडवून घ्यावी लागते. तबला शिकणारा मांडीवर बोल वाजवतो आणि क्रिकेटवेडा मुलगा आरशासमोर नुसत्या हाताने कव्हर ड्राइव्ह मारतो, त्यांना कोरड्या विहिरीत पोहणारे असे कोणी म्हणत नाही.

आता हातात काय घडते ते पाहू. वाचकांनी उजव्या हाताची मूठ वळावी आणि डाव्या हाताने उजव्या कोपराच्या पुढे, आतल्या बाजूला चाचपावे. मूठ आवळली की तिथला स्नायू टणक होतो. बोटे मिटणारे मोठे स्नायू बोटांत नाहीत, ते इथे आहेत; बोटांपर्यंत त्यांच्या नुसत्या दोऱ्या गेलेल्या आहेत. बोटे ताणून उघडली की कोपराच्या बाहेरच्या बाजूचा स्नायू टणक होतो. हे उघडणारे. रिलीज करताना बोटे ‘उघडावीत’ असे नवशिक्याला वाटते, म्हणून तो बाहेरचे स्नायू कामाला लावतो. पण आतले अजून पुरते ढिले झालेले नसतात. दोघांची ओढाताण होते आणि प्रत्यंचा बोटांच्या टोकांवर अडखळत सुटते. म्हणून शिकवणारे सांगतात, उघडू नका, नुसते धरणे थांबवा. मिटणारे स्नायू ढिले पडले की प्रत्यंचा स्वतःच्या ताकदीने बोटांना बाजूला सारून निघून जाईल.

येथे एक गंमत आहे, आणि ती सांगितली नाही तर हा लेख अर्धवट राहील. तुर्कस्तानातील हैरी एर्तान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी धनुर्धरांच्या कोपराखालच्या स्नायूंतील विद्युत्-हालचाल नोंदवून २००३ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात असे दिसले की बाण सुटताना बोटे मिटणारा स्नायू क्रमाने ढिला पडतो हे खरे, परंतु उघडणारा स्नायूही प्रत्यक्ष आकुंचन पावतो. आणि हे नवशिक्यांतच नव्हे, तर कसलेल्या धनुर्धरांतही. म्हणजे ‘नुसते धरणे थांबवा’ हे यंत्राच्या साक्षीने पुरते खरे ठरत नाही. मग शिकवणारे चुकीचे सांगतात का? मला तसे वाटत नाही. यंत्र नोंदवते ते स्नायूचे वर्तन. शिकवणारा सांगतो ती शिकणाऱ्याने मनात धरायची गोष्ट. गवयाला गुरू ‘आवाज कपाळातून काढ’ म्हणतो तेव्हा शरीरशास्त्राच्या पुस्तकात तो कपाळातून निघत नसतो, पण गाणे मात्र त्याने सुधारते. खेळांचे मानसशास्त्र अभ्यासणाऱ्या गॅब्रिएले वुल्फ यांनी १९९८पासून केलेल्या प्रयोगांतही हेच पुढे आले आहे की, आपल्या अवयवाकडे लक्ष देण्यापेक्षा त्या हालचालीचा बाहेर जो परिणाम व्हायचा त्याकडे लक्ष दिले, तर हालचाल अधिक चांगली होते. बोट उघडायचे आहे याचा विचार करणाऱ्याचे बोट बिघडते.

जपानी लोकांनी हा विचार भाषेतच बांधून ठेवला आहे. तिकडच्या परंपरागत धनुर्विद्येला ‘क्यूदो’ म्हणतात. तिच्यात एका बाणाच्या आठ पायऱ्या सांगितल्या आहेत आणि त्यांतली सातवी, रिलीजची, ‘हानारे’. जपानी भाषेत ‘हानासु’ म्हणजे सोडणे आणि ‘हानारेरु’ म्हणजे सुटणे, दुरावणे. पायरीचे नाव या दुसऱ्या, अकर्मक क्रियापदावरून आले आहे. आठव्या पायरीत काहीच करायचे नसते. बाण गेल्यावर जसे आहोत तसे थांबायचे, इतकेच. आणि आमच्या प्राध्यापकांना दाखवावे असे आणखी एक : क्यूदोत नवशिक्याच्या हाती लगेच धनुष्यबाण देत नाहीत. आधी मोकळ्या हातांनी सगळ्या हालचाली, मग ‘गोमुयुमी’ म्हणजे आखूड दांड्याला रबर लावलेले सरावाचे धनुष्य, मग खऱ्या धनुष्याची नुसती ओढ, आणि त्यानंतर दोन-तीन हातांवरून गवताच्या भाऱ्यावर बाण. लक्ष्य फार पुढे.

आमचा सराव याहून गरिबीचा आहे. त्याची सुरुवात बादलीपासून होते. बादली निम्मी भरावी, तिची कडी तीन बोटांच्या पहिल्या पेराच्या खाचेत अडकवावी, अंगठा आणि करंगळी बाजूला ठेवावी, मनगट सरळ. दहा आकडे मोजावेत. खाली पेंढा टाकलेला असावा, कारण बादली पडणार आहे. मग बोटे उघडण्याचा विचार न करता हात ‘मेला’ असे समजावे. बादली खाली जाते आणि बोटे मागाहून, अर्धवट वाकलेलीच, हलत राहतात. ही बोटांची आकडी आणि हे ढिले पडणे एकदा हाताला कळले की पुढचे सोपे होते. बादलीचा हा दाखला धनुर्विद्येच्या शिक्षणात जुना आहे. पेंढा तेवढा आमचा.

मात्र याच पहिल्या पायरीवर आमच्या गटात एक अडचण आली, जी कोणत्याही पुस्तकात मला सापडली नाही. आमच्यापैकी चौघी खानू, नाणीज अशा आसपासच्या गावांतून येतात आणि लहानपणापासून विहिरीचे पाणी ओढतात. त्यांच्या पाठीत आणि खांद्यांत जी ओढ आहे ती माझ्यात नाही. पण त्यांच्या बोटांना ‘सुटणे’ ठाऊक नाही. विहिरीवर दोरी हातून सुटणे म्हणजे कळशी तळाला जाणे, मग गळ टाकून ती काढणे आणि घरी बोलणी खाणे. दहा-बारा वर्षे ज्या हाताला एकच शिकवण मिळाली की पकड सैल होता कामा नये, त्याला आता भरली बादली मुद्दाम पडू द्यायची होती. एकीची बादली पहिल्या आठवड्यात पडलीच नाही. ती दर वेळी वाकून हळूच खाली ठेवी. आम्ही हसलो, पण मला ते दृश्य विसरता येत नाही. पुढे तिने स्वतःच तोड काढली. ती बादली धरून माझ्याशी भाजीच्या भावाविषयी बोलू लागली आणि बोलता बोलता बादली पडली.

दुसरी आणि खरी पायरी दोरीची. पाच मिलिमीटर जाडीची सुती किंवा नायलॉनची, न ताणली जाणारी दोरी घ्यावी. सुंभ नको, बोटे सोलतात. तिची दोन्ही टोके बांधून फास करायचा. डावा हात लक्ष्याच्या दिशेने लांब केला, फास त्याच्या अंगठ्याच्या बेचक्यात अडकवला आणि उजव्या हाताची आकडी हनुवटीच्या हाडाखाली टेकली, की दोरी बरोबर ताणलेली असली पाहिजे; तसूभरही अधिक-उणी नको. गाठ डाव्या हाताकडे ठेवावी, उजवीकडे आली तर बोटांत अडकते. आमच्या सहा जणींचे सहा फास वेगवेगळ्या लांबीचे आहेत आणि प्रत्येकीच्या फासाला वेगळ्या रंगाचा दोरा बांधला आहे. उजव्या बोटांवर जुन्या चपलेच्या मऊ चामड्याचा तुकडा घेतला की झाले.

आता डावा हात पुढे ढकलायचा आणि उजवे कोपर मागे न्यायचे. दोरी ताणली जात नसल्यामुळे बाहेरून काहीच हलत नाही. ताण सगळा पाठीत, दोन खवाट्यांच्या मधे साठतो. चार आकडे मोजावेत, श्वास अर्धा सोडून थांबावे आणि ओढ चालूच ठेवून बोटांना ढिले पडू द्यावे. ‘ओढ चालूच ठेवून’ हे शब्द मी मुद्दाम पुन्हा लिहिते, कारण सारी परीक्षा तिथे आहे. ओढ जिवंत असेल तर बोटे ढिली पडताच उजवा हात आपोआप गालाला घासत मागे जातो आणि कानाखाली मानेशी थांबतो; बोटे सैल, लोंबती. फास डाव्या अंगठ्यावर झुलत राहतो. हात मागे न्यावा लागत नाही, तो जातो.

दोरी फार स्पष्टवक्ती आहे. उजवा हात हनुवटीपाशीच राहिला आणि नुसती बोटे उघडली, तर समजावे की बोटांआधी पाठ थकली होती. याला शिकवणारे ‘मेलेला रिलीज’ म्हणतात. हात चेहऱ्यापासून बाहेरच्या बाजूला उडाला, तर तंबोऱ्याची तार छेडावी तशी प्रत्यंचा छेडली गेली. खऱ्या धनुष्यावर हा बाण नेमापासून बाजूला गेलाच. आणि सुटण्याआधी फास किंचित सैल पडून लोंबला, तर हात नकळत पुढे सरकला होता. हा तिसरा दोष खऱ्या धनुष्यावर डोळ्यांना दिसणेच कठीण, कारण धनुष्य लवचीक असते, तुम्ही सरकलात तर तेही तुमच्याबरोबर सरकते. न ताणली जाणारी दोरी कोणाची भीड ठेवीत नाही. माझे प्रामाणिक मत असे की, रिलीजच्या या एका अंगापुरती दोरी धनुष्यापेक्षा चांगली शिक्षक आहे.

कोपर नीट मागे जाते की नाही हे स्वतःला दिसत नाही. व्हरांड्याच्या भिंतीवर कोपराच्या उंचीला खडूची एक खूण आम्ही केली आहे. मनात तेवढीच खूण धरायची, बोटे नव्हेत. वुल्फबाईंचे म्हणणे असे आमच्या भिंतीवर उतरले. त्यापुढची पायरी आवाजाची. खऱ्या रिकर्व्ह धनुष्यावर धातूची एक बारीक पट्टी असते. बाणाचे टोक तिच्याखालून पूर्ण मागे आले की ती ‘टक्’ करते आणि त्या आवाजासरशी बाण सुटायचा असतो. आमची जोडीदारीण मागे उभी राहून बॉलपेनची कळ दाबते, कधी दोन आकड्यांनी, कधी सहा. आवाज येण्याआधीच हात सुटला तर मनात उतावीळ आहे. दचकून सुटला तर खांदे वर चढलेले असतात. बहुतेक वेळा या दोहोंपैकी एक काहीतरी होतेच, आणि म्हणूनच ही पायरी सर्वांत करमणुकीची आहे.

सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी घेऊनही हा सराव करतात. तिच्यात धनुष्यासारखी वाढत जाणारी ओढ मिळते, हा तिचा फायदा. पण सुटलेले रबर डाव्या मनगटावर किंवा तोंडावर बसते, तेव्हा ओढण्यापुरतेच ते वापरावे, सुटण्यासाठी दोरी. आणि कोणाच्या घरी माळ्यावर बांबूचे जुने धनुष्य असेल तर बाण न लावता ते ताणून सोडू नये. ताणलेल्या दांड्यात साठलेली शक्ती बाण घेऊन जातो. बाणच नसेल तर ती दांड्यातच फिरते आणि दांडा तडकू शकतो. रिलीजचा सराव धनुष्याविना करावा लागतो याचे हेही एक कारण : धनुष्याला रिकामे सुटणे सोसत नाही.

ज्या प्रकारात यंत्राच्या साहाय्याने प्रत्यंचा सोडतात, त्या कंपाउंड धनुष्यातही दोरीचा फास सुटलेला नाही. त्यात हातात धरायच्या एका आकडीने प्रत्यंचा ओढतात; काही आकड्यांत चाप असतो, काही पाठीच्या ओढीने हळूहळू फिरून निसटतात. अशी आकडी नवी घेतलेला धनुर्धर आधी दोरीच्या फासावर तिचा हात बसवतो, कारण ती अवेळी सुटली तर स्वतःचीच मूठ दातांवर बसते. या प्रकारात आपल्या राज्याचे नाव मोठे आहे. बर्लिन येथे २०२३च्या जागतिक स्पर्धेत साताऱ्याची अदिती स्वामी सतराव्या वर्षी अंतिम फेरीत १४९-१४७ अशी जिंकली आणि धनुर्विद्येत वैयक्तिक जागतिक विजेतेपद मिळवणारी पहिली भारतीय ठरली. त्याच दिवशी नागपूरच्या ओजस देवतळेने अंतिम फेरीत १५०पैकी १५० गुण घेऊन पुरुषांचे विजेतेपद मिळवले. त्याआधी टोकियो ऑलिंपिकमध्ये, जे २०२१ साली झाले, फलटण तालुक्यातल्या सरडे गावच्या, शेतमजुराच्या घरातल्या प्रवीण जाधवने रिकर्व्हमध्ये जगातल्या दुसऱ्या क्रमांकाच्या रशियन धनुर्धराला ६-० असे हरवले होते. पुढच्या फेरीत तो अमेरिकेच्या ब्रॅडी एलिसनकडून हरला. सातारा आमच्यापासून सह्याद्रीच्या एका भिंतीपलीकडे आहे. झारखंडची दीपिका कुमारी लहानपणी दगडाने आंबे पाडी, असे तिच्याविषयी सांगतात. तेवढ्याच पात्रतेवर निवड होणार असेल तर रत्नागिरी जिल्ह्यातून एक पलटण पाठवता येईल.

आता दोरीने काय येत नाही तेही सांगते. ऑलिंपिकच्या पात्रता फेरीत ७२ बाण मारावे लागतात. धनुष्याची ओढ चाळीस पौंड, म्हणजे अठरा किलो धरली, तर दिवसभरात जवळजवळ तेराशे किलो ओढून होतात. एवढ्या दमणुकीनंतर सुटणे कसे राहते हे दोरीला ठाऊक नाही. वारा तिला ठाऊक नाही. सर्वांत मोठे म्हणजे भीती तिला ठाऊक नाही. समोर पिवळे वर्तुळ दिसू लागले की भल्याभल्यांची बोटे एक तर गोठतात, नाही तर नेम बसण्याआधीच उघडतात. या विकाराने मोठमोठ्या खेळाडूंना छळले आहे. व्हरांड्याच्या भिंतीला पिवळे वर्तुळ नाही, आणि हरण्यासारखेही काही नाही.

जिमखान्याच्या बैठकीत यंदा एक चांगले रिकर्व्ह धनुष्य घ्यावे असा विषय निघाला आहे, आणि आमच्या गटाचे मत विचारण्यात आले आहे. एका परीने हा आमच्या दोरीचा सन्मान आहे. तरी माझे मत विरुद्ध पडेल. धनुष्य माणसाच्या मापाचे लागते : हाताची लांबी, ओढण्याची ताकद, डावखुरेपणा. आमच्या सहा फासांच्या लांबीतच चार बोटांचा फरक आहे. एक महागडे धनुष्य घेतले तर ते एकीला बसेल, पाच जणींना बसणार नाही, आणि लवकरच कपाटात जाईल. त्याच पैशांच्या लहानशा भागात बांबूची हलकी, दोन-तीन मापांची धनुष्ये, बाण आणि गवताचे भारे येतात. राष्ट्रीय पातळीवर बांबूच्या धनुष्याची स्पर्धा ‘इंडियन राउंड’ म्हणून वेगळी असतेच. पुढच्या जूनमध्ये ज्या मुली येतील त्यांना पहिले दोन महिने दोरीच द्यावी, आणि मग धनुष्य.

हे मत नुसत्या हट्टातून आलेले नाही. दिवाळीनंतर तीन दिवसांसाठी बांबूचे एक हलके धनुष्य उसने मिळाले. कापलेल्या शेतात, मागे जांभ्याचा उंच गडगा असलेल्या जागी, दहा पावलांवरून आम्ही पेंढ्याच्या उडवीवर बाण मारले. लक्ष्याचा कागद मुद्दाम लावला नाही. सहाही जणींचे उजवे हात सुटल्यावर मानेशी गेले. बादली खाली ठेवणारीचा सर्वांत सुरेख. पण डावे हात! बाण उडवीत पोचण्यापूर्वीच ते खाली पडत होते. कारण उघड आहे. दोरी सुटली की खेळ संपतो, डाव्या हाताला कामच उरत नाही. धनुष्यात मात्र सुटल्यावर दांडा पुढे झेप घेतो आणि तो सावरणारा हात तिथेच असावा लागतो. जपान्यांची आठवी पायरी कशासाठी आहे ते त्या शेतात कळले.

तेव्हापासून सरावात एक भर घातली आहे. डाव्या मनगटाला पाण्याने भरलेली अर्ध्या लिटरची बाटली दोरीने लोंबकळती बांधायची, आणि उजवा हात सुटल्यावर तीन आकडे मोजेपर्यंत ती हलू द्यायची नाही. सोमवारी आणि गुरुवारी, शेवटचा तास संपल्यापासून नाणीजची गाडी सुटेपर्यंत आम्ही ग्रंथालयाच्या बाजूच्या व्हरांड्यात असतो. दोरी प्रत्येकीने आपली आणावी. माप तिथे घेतले जाईल.